शिक्षक व्हायचंय? आधी एखादा शिक्षक जवळून पाहा

शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीची जाहिरात आली की माझा फोन वाजायला लागतो. भाच्याचा मित्र, नणंदेच्या शेजारची मुलगी, एखादा जुना विद्यार्थी. प्रश्न ठरलेले: पगार किती, जिल्हा कोणता मिळेल, बदली कधी होते. प्रश्न रास्तच आहेत. नेमणूक हातात नसताना माणूस दुसरं काय विचारणार? उत्तरं मी देते, पण आताशा सोबत एक उलटा प्रश्नही टाकते. ज्याची नोकरी, आवड आणि स्वभाव तुला नीट ठाऊक आहे असा एक तरी शिक्षक तुझ्या ओळखीचा आहे का? बहुतेक जण गप्प होतात. शाळेतली बारा वर्षं आपण शिक्षकांसमोर बसून काढलेली असतात. तरीही मुख्याध्यापकांच्या टेबलावर कसली रजिस्टरं असतात, चौथीचं गणित चालू असताना पहिलीचं पोर का रडत असतं, आणि एवढं करून तो माणूस संध्याकाळी घरी काय घेऊन जातो, हे आपण पाहिलेलंच नसतं.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, खोल्या दोन. डी.एड.ला पाठ घेतले होते, पाठांची टाचणं (लेखी आखणी) काढली होती, फळ्यावरच्या अक्षराला शेरे मिळाले होते. पण शिक्षक कसा असतो हे मी पाहिलं ते तिथल्या मुख्याध्यापकांकडे. सगळा पाडा त्यांना गुरुजी म्हणे, ते मला बाई म्हणत. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे पाहत शिकलेलं आहे.

वाट, थोडक्यात

ही माहिती कुठेही मिळते, म्हणून भरभर सांगते. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. (आमच्या वेळचं डी.एड.) किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, खुल्या गटाला उत्तीर्ण व्हायला ९० लागतात. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. मधली अंतरं बघा आणि घरच्यांना त्याची कल्पना आधीच देऊन ठेवा. गुण हातात आले की शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा. जिल्हा परिषदेसाठी मुलाखत नाही. खाजगी संस्थांसाठी मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन्ही पर्याय असतात.

नेमणूक झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला मानधन १६,००० रुपये. हा आकडा १ जानेवारी २०२३ पासूनचा, त्याआधी तो ६,००० होता आणि आम्ही लागलो तेव्हा ३,०००. तीन वर्षं झाली की सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन २९,२०० आणि वर भत्ते. पेन्शनबद्दल कुठल्याही शिक्षकाला सहज म्हणून विचारू नका, दुपार जाईल. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली, आणि ही तारीख शिक्षकांच्या घरात पोराबाळांनाही पाठ असते.

आता मुद्द्यावर येते.

कारकीर्द कशी वाचायची

शिक्षकाची कारकीर्द बाहेरून बघितली तर सपाट दिसते. उपशिक्षक म्हणून लागला, उपशिक्षक म्हणूनच निवृत्त झाला, मध्ये बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी अशी शिडी आहे, पण जागा मोजक्या. बँकेतला तुमचा वर्गमित्र चाळिशीत मॅनेजर होईल, तुम्ही तेव्हाही पहिलीच्या पोराला ‘क’ गिरवायला शिकवत असाल. हे ज्याला आतून खुपतं त्याने या वाटेला येण्याआधी दोनदा विचार करावा. मी हे घाबरवायला सांगत नाही. शिडी चढायचीच असेल तर दुसऱ्या खात्यांत ती जास्त सरळ आहे, एवढंच.

म्हणून शिक्षकाला ‘तुमची किती वर्षं सर्व्हिस झाली’ असं विचारू नका. ‘कुठल्या कुठल्या शाळांवर होतात’ असं विचारा. लगेच कळतं. आमच्या गुरुजींची सुरुवात मोखाड्याच्या बाजूला झाली होती. एका शाळेवर जायला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागे, दुसऱ्या शाळेला इमारत नव्हती म्हणून समाजमंदिरात वर्ग भरे, तिसऱ्या शाळेत पट (मुलांची संख्या) वाढवून तिसरा शिक्षक मिळवला आणि मग स्वतःचीच बदली झाली. हे सांगताना ते शाळेचं नाव घेत नसत. ‘जिथं चिंचेखाली पाढे घेतले ती शाळा’ अशी त्यांची खूण. त्यांच्या सेवापुस्तकात यातलं काहीच नाही. तिथे फक्त रुजू दिनांक, कार्यमुक्त दिनांक आणि वेतनवाढी.

वस्तीशाळेवर (दूरच्या वस्तीवरच्या छोट्या शाळेवर) निमशिक्षक म्हणून सुरुवात केलेले कोणी भेटले तर त्यांच्याशी बोलाच. तुटपुंज्या मानधनावर, उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नसताना वर्षानुवर्षं काढलेली ही माणसं. त्यांची तक्रार करण्याची पद्धतसुद्धा वेगळी असते.

सध्या ओळख काढायची एक आयती संधी आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवी. त्यामुळे पन्नाशीला टेकलेले शिक्षक मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवताना दिसतील. तुमची तयारी ताजी आहे, त्यांचा अनुभव जुना आहे. नोट्स घेऊन जा. इतक्या मोकळेपणाने शिक्षक एरवी कोणाला शेजारी बसवून घेत नाही.

दिवस बघा, तास नव्हे

डी.एल.एड.च्या आंतरवासितेत तुम्ही शाळेत जाल, पाठ घ्याल, मार्गदर्शक शिक्षक सही करतील. त्यातून तास दिसतो. मी म्हणते पूर्ण दिवस बसा. परिपाठापासून कुलूप लागेपर्यंत, मागे जमिनीवर, मोबाइल पिशवीत ठेवून. मुलांचे फोटो काढू नका. परवानगी मुख्याध्यापकांची घ्या, पण ज्याच्या वर्गात बसणार त्यालाही वेगळं विचारा. वर्गात परका माणूस बसलेला सगळ्यांना चालत नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

काय दिसेल? परिपाठ, हजेरी, मग स्वयंपाकीण ताई तांदूळ मोजून मागतील. पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीला दीडशे. खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचं. तेवढ्यात केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर ‘तातडीचे’ म्हणून एक तक्ता येतो. तो बहुधा मागच्या महिन्यातही भरलेला असतो, फक्त रकाने उलटसुलट. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दुसरी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं लिहिलं आहे. वाचून ठेवा. वाचल्याने तक्ते थांबत नाहीत, पण कुठलं काम कायद्याने आपलं आहे हे तरी कळतं.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतील तर बहुवर्ग अध्यापन प्रत्यक्षात काय असतं ते नीट बघा. पुस्तकात ते वाचलं असेल, पण एका इयत्तेला तोंडी, दुसरीला लेखी, आणि तोंडी चालू असताना लेखीवाल्यांतला कोण पेन्सिल कुरतडतोय हे न वळता ओळखणं, हे बघूनच समजतं. चांगल्या शिक्षकाच्या वर्गात लेखी काम कधी कमी पडत नाही. तुम्ही बघायला बसलात की हे एक मोजा: हातात काही नसलेली मुलं किती आणि किती वेळ.

माझ्या नजरेसमोरची एक गोष्ट सांगते. तिसरीतल्या एका मुलीने पाटीवर ५२ वजा २७ मांडलं आणि उत्तर लिहिलं ३५. मी पाटी बघून बोलणार, तेवढ्यात गुरुजींनी हाताने थांबवलं, ‘बाई, जरा थांबा.’ कपाटातून त्यांनी काड्यांचा डबा काढला. दहा-दहाचे गठ्ठे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरांनी बांधलेले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’

तिने दोन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबली. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले, जणू त्यांना काही घाई नव्हती आणि या व्यवहाराशी फारसा संबंधही नव्हता. दुसऱ्या बाजूला पहिलीचा गोंधळ चालू होता. ती उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघत होती, एक उचलून परत ठेवला. बऱ्याच वेळाने तिने एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, पाच काड्या मोजल्या आणि गुरुजींच्या हातात ठेवल्या.

‘आता तुझ्याकडे किती?’

‘पंचवीस.’

मग तिने स्वतःच पाटीकडे पाहिलं आणि अंगठ्याने ३ पुसला.

ती गेल्यावर गुरुजी मला म्हणाले, ३५ कुठून आलं सांगा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले होते. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा हा तिने स्वतःच बनवलेला नियम. उत्तर चूक होतं, पण त्यामागे विचार होता आणि तो कुठे वळला ते गुरुजींना आकड्यावरून दिसलं होतं. चुकीचं उत्तर असं वाचता येणं हे या पेशातलं खरं कसब आहे असं माझं मत आहे. ते कुठल्याही चाचणीत तपासलं जात नाही आणि सेवापुस्तकात त्याला रकाना नाही. तुम्ही ज्या शिक्षकाकडे जाल त्याला मुलांच्या वह्या तपासताना बघा. नुसत्या फुल्या मारतो की मध्येच थांबून एखाद्या पोराला जवळ बोलावतो?

आवड म्हणजे फॉर्मवरचा ‘छंद’ नव्हे

तुमचा छंद कोणता असं शिक्षकाला विचारलं तर दहांतले नऊ ‘वाचन’ म्हणतील. मुलाखतीचं उत्तर आहे ते. त्याऐवजी विचारा: शाळेच्या कपाटात तुम्ही स्वतःच्या पैशाने आणलेलं काय आहे? या प्रश्नाला कोणी खोटं सांगत नाही, कारण कपाट समोरच असतं. कोणाकडे बाजाची पेटी निघते, कोणाकडे भिंग, कोणाकडे कापडाच्या चिंध्यांच्या बाहुल्या, कोणाकडे ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले.

आमच्या गुरुजींची आवड पाऊस मोजायची. जव्हारचा पाऊस मोजायला धीर लागतो. प्लॅस्टिकची सरळ बाजूंची बाटली वरून कापून, कापलेला भाग उलटा करून त्यात बसवलेला. बाटलीचा तळ खडबडीत असतो म्हणून तळाशी खडे टाकून पाण्याची पातळी सपाट भागापर्यंत आणायची, तिथे शून्याची खूण. रोज परिपाठाआधी पट्टी लावून मिलिमीटर बघायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे. आधी ते एकटेच लिहीत. पुढे चौथीची पोरं लिहायला लागली. आठवड्याची बेरीज, कालच्यापेक्षा किती जास्त, सगळ्यात कोरडा दिवस कोणता. आलेख पुस्तकात यायच्या आधी भिंतीवर आला. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत पोरं शेतावर असायची, पण दोघं-तिघं पट्टी लावायला तरी शाळेत डोकावून जायची. हजेरी वाढवण्याची कुठलीही योजना मला त्या बाटलीइतकी चाललेली दिसली नाही.

सांगायचा मुद्दा हा की शिक्षकाची स्वतःची आवड वर्गात शिरली तर वर्ग बदलतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक चालवत होते. लिहिणं त्यांच्या हाडात होतं, ते शाळेच्या वेळापत्रकाबाहेर ठेवणं त्यांना जमलंच नसतं. रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होते. संगणकाची आवड पाठ्यपुस्तकात उतरवून त्यांनी धड्यांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. बातम्यांत पुरस्कार राहिला. मला त्यात पेशाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं ते हे की क्यूआर कोडचा आदेश वरून आला नव्हता. त्यांच्या वर्गात सुरू झालेली गोष्ट नंतर वर गेली.

आणि एक जुनं उदाहरण आमच्याच पालघर जिल्ह्यातलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, नंतर ते डहाणूजवळच्या कोसबाडला गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं घेऊन रानात जातात. तर शाळाच कुरणात न्यायची, असा त्यांचा सरळ हिशोब. कोसबाडला कधी गेलात तर टेकडीवरून आजूबाजूचं गवत आणि झाडं बघा, मग ही कल्पना किती व्यवहारी होती ते पटेल.

आवड नसलेला शिक्षक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. नेमून दिलेलं काम चोख करणारे, वेळेवर येणारे, पाढे पक्के करून घेणारे कितीतरी आहेत आणि पालक त्यांच्यावर खूश असतात. पण तुम्ही नवखे आहात. अठ्ठावनाव्या वर्षापर्यंत दरवर्षी तोच ‘अ’ अननसाचा शिकवायचा आहे. तेव्हा स्वतःला ताजं ठेवणारं काहीतरी लागतं, ते आत्ताच शोधून ठेवलेलं बरं.

स्वभाव

यावर बोलायला शिक्षक लाजतात, म्हणून आडून विचारावं लागतं. कुठला विषय शिकवायचा कंटाळा येतो? शेवटचा राग कधी आला आणि त्यानंतर काय केलंत? माजी विद्यार्थी बाजारात भेटला तर काय बोलता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. काही जण त्याला नोकरी लागली का एवढंच विचारतात. काही जणांना त्याच्या धाकट्या बहिणीचं नावही आठवतं.

स्वभावाच्या दोन गोष्टी मी बघते. एक, आवाज सोसण्याची ताकद. तीस पोरांचा आवाज दिवसभर कानांवर घेऊन संध्याकाळी स्वतःच्या मुलांवर न खेकसणं ही साधी गोष्ट नाही. दुसरी, वाट बघता येणं. काड्यांच्या वेळी गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले, तेच. ज्याला समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर देण्याची सवय आहे त्याला या पेशात स्वतःशीच झगडावं लागतं.

आणि एक तिसरी, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलांच्या बोलीला हसू न येणं. पुस्तकात ‘नाचणी’ असते, पोरगं ‘नागली’ म्हणतं. पुस्तकात भाताची ‘लावणी’, त्याच्या घरी ‘आवणी’. नवीन शिक्षक पहिल्याच आठवड्यात दुरुस्त्या करायला लागला की पोरं तोंड मिटून घेतात, आणि मग तो शेरा लिहितो ‘अबोल’. गुरुजींनी मला एक वही करायला लावली होती, पोरांकडून ऐकलेले शब्द लिहायची. पोरांना माझी चूक काढायला मिळाली की त्यांना फार मजा वाटायची, आणि तेवढ्यापुरती मी विद्यार्थी.

गावाशी कसं वागावं हेही जुन्या शिक्षकाकडूनच कळतं. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बैठकीत मात्र बहुधा दोन-तीन पुरुषच बोलतात. गुरुजी बैठक संपल्यावर दारात उभे राहायचे. घरी निघालेल्या आया चपला घालता घालता जे बोलायच्या तेच खरं इतिवृत्त. दिवाळीनंतर कोणती घरं वीटभट्टीला जाणार हे त्यांना तिथेच कळायचं. मग निघण्याआधी पोराच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायची धडपड, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. काही आज्यांना पटवून पोरं मागे ठेवून घेतली जायची. प्रत्येक वेळी जमायचं असं नाही.

मुलींनी एक जास्तीची चौकशी करावी, आणि ती बाईंकडेच करावी. राहायची सोय कुठे, शेवटची एस.टी. किती वाजता, शाळेत वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, बाळंतपणाच्या रजेत वर्ग कोण सांभाळतं. पती-पत्नी एकत्रीकरणाचे बदलीचे नियम आहेत, पण नियम आणि रिकामी जागा यांची गाठ पडावी लागते. दोघं दोन जिल्ह्यांत, मूल आजीकडे, असे संसार मी जवळून पाहिलेत. लग्न ठरवताना हे उघड बोललेलं बरं.

शिक्षक ओळखायला गेलात की कोणाच्या नादी लागायचं नाही हेही कळतं. पुरस्काराची फाइल काढून दाखवणाऱ्याला भेटा, चहा प्या, पण त्यावरून मत बनवू नका. शासनाच्या पुरस्कारासाठी प्रस्ताव करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात. ज्याला फोटो काढायचं सुचलं नाही तो त्या फाइलमध्ये दिसणार नाही. तसंच सगळं खातंच सडलंय म्हणणारा एकजण प्रत्येक केंद्रात असतो. त्याचं अर्धं खरं असतं, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ तुम्हाला पहिल्याच वर्षी घातली जाईल. नम्रपणे नाही म्हणा. शिक्षण सेवकाचा पगारच जामिनाला चालत नाही हे कारण पुरतं. कायम झाल्यावर दुसरं कारण शोधा.

कधी जायचं

जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा टाळा. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेशाची मापं यांत शिक्षक दिसतो, शिकवणं दिसत नाही. जुलैत जा, शेतीच्या दिवसांत, अर्धा वर्ग रिकामा असताना शिक्षक काय करतो ते बघा. दिवाळीनंतर परत जा, स्थलांतर सुरू झालेलं असतं. ३० सप्टेंबरच्या आसपास गेलात तर पटाची चिंता चेहऱ्यावर दिसेल, कारण त्या तारखेच्या पटावर संचमान्यता (शाळेतल्या शिक्षकांच्या पदांची मंजुरी) होते आणि एखादं पद कमी-जास्त होतं. आमच्या बाजूला यायचं असेल तर बोहाड्याच्या (मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाच्या) दुसऱ्या दिवशी येऊ नका, रात्रभर सोंगं बघून सगळा वर्ग पेंगत असतो, शिक्षकासकट.

शनिवारची सकाळची शाळा चांगली. सुटल्यावर शिक्षकाला जरा सवड असते, गप्पा तेव्हाच होतात. मात्र एस.टी.ची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर तो तुमच्याशी बोलता बोलता घड्याळाकडे बघत राहील. आणि डबा सोबत न्या. खिचडी मुलांच्या हजेरीवर मोजून शिजते.